माझ्यासाठी ठेवलेला मोबाईल

काउंटरवरच्या पोरानं आधी मी हाताळलेला नमुन्याचा मोबाईल फडक्यानं पुसला. मग काउंटरखालून सुगंधी फवाऱ्याची बाटली काढली आणि काचेवर मी जिथं हात टेकला होता, तिथं फुसफुस मारली. थोडं माझ्या मनगटावरही उडालं.

"हात नको लावू वं. दुरूनच पाह्य."

दुकानात गिऱ्हाइकं होती. कुणीतरी हसलं. मीही हसले. काय करावं सुचत नाही तेव्हा माणूस हसतो, तसं.

त्या दिवशी मी मासे घेऊन गेले नव्हते. टोपली घरी होती. पण नागभीडच्या बाजारात मला सगळे ओळखतात, रस्त्याच्या कडेला बसून मासे विकणारी ढिवरीण म्हणून. याच दुकानाच्या मालकाच्या घरी माझे मासे जातात. झिंगे असले की पहिला निरोप त्याच्याच घरून येतो. त्याच्या कढईत माशाला वास येत नाही. दुकानात मला येतो.

मोबाईल मला मिरवायला नको होता. आमच्या गावचा तलाव आम्हा बायांच्या गटाकडे आहे. आम्हीच माशांचं बीज सोडतो, आम्हीच राखण करतो, आम्हीच जाळं ओढतो. मासेमारी खात्याच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यानं सांगितलं, आता दर महिन्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून सगळ्या बायांचा फोटो नव्या ॲपवर टाकायचा. नाही टाकला तर गट बंद समजणार आणि तलाव लिलावात काढणार. लिलावात कोण येणार हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ठेकेदार येणार. मग आमच्याच तलावात आम्ही त्याच्या मजुरीवर. माझ्या जुन्या मोबाईलवर ते ॲप उघडतच नव्हतं. म्हणून बायांनी गटाच्या पैशातून नवा घ्यायचं ठरवलं आणि मला पाठवलं.

आमच्या ऐपतीत बसणारा आणि ॲप चालणारा असा एकच मोबाईल होता. तोच सगळ्यांना हवा होता. काउंटरवरचा म्हणाला, स्टॉक नाही, पुढच्या गाडीत येईल. मी म्हटलं, आला की एक माझ्यासाठी ठेव, पैसे आत्ताच घे. पैसे नको म्हणाला.

"ठेवतो ना. तुह्याच नावानं ठेवतो."

मी विश्वास ठेवला. पावती मागितली नाही. हसू नका. आमच्याकडे जाळं ओढून झालं की पाळीवर मासळीचे वाटे पडतात. जी बाई आली नाही, बाळंतीण आहे, तापानं पडली आहे, तिचाही वाटा पडतो. त्यावर पळसाचं पान झाकायचं. मग ती किंवा तिच्या घरचं कुणी येईपर्यंत त्या वाट्याला कुणी हात लावत नाही. ज्याच्या घरी चूल पेटली नाही तोसुद्धा लावत नाही. ठेवलं म्हणजे ठेवलं. मला वाटलं, काचेच्या दुकानातही तसंच असेल.

पुढच्या बाजाराला गेले. माल आला नव्हता. त्याच्या पुढच्या बाजाराला गेले. आला होता, संपला. मग माझ्यासाठी ठेवलेला? तो म्हणाला, कंपनीनंच कमी पाठवले, कंपनीला विचार. एक नंबर दिला. त्या नंबरावर एक बाई गोड आवाजात सांगायची की माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग गाणं. मग हे बटण दाबा, ते बटण दाबा. मासे तोलता तोलता मानेत मोबाईल धरून मी ते गाणं ऐकत बसले. एकदा खरा माणूस बोलला. जवळच्या दुकानात चौकशी करा म्हणाला. मी त्या दुकानाच्या पायरीवरूनच बोलत होते. संध्याकाळी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणाच्या बापानं केलं निवारण?

आज परत गेले. मी काउंटरपाशी उभी असतानाच एक पांढऱ्या शर्टातला माणूस गाडीतून उतरून आत आला. मालक स्वतः उठला. खुर्ची दिली. थंड पाणी दिलं. त्या माणसानं मला हवा होता त्याच मोबाईलचं नाव घेतलं. मालकानं मागचं कपाट उघडलं. आत त्याच मोबाईलच्या डब्यांची उतरंड लागली होती.

मी विचारलं, "माह्यावाला कुठी हाये?"

काउंटरवरचा म्हणाला, यांचं आधीचं बुकिंग होतं. पांढऱ्या शर्टवाला सरळ माणूस असावा. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही हो, मी तर जाता जाता सहज आलो."

मालकाचं तोंड उतरलं. तो राग त्यानं माझ्यावर काढला.

"तुमा लोकाईले कायची घाई हाये मोबाईलची? मासोळ्या का मोबाईलवर पकडाच्या हायेत?"

माझं डोकं फिरलं. माझी आई याच बाजारात मासे विकायची. लोक तिला पैसे हातात द्यायचे नाहीत, वरून टाकायचे. ती धुळीतून वेचायची. मला वाटायचं ते दिवस गेले. आता काचेचं दार आहे, एसी आहे. कुठले गेले? काही गेलं नाही. तेव्हा शिवू नको म्हणायचे, आता स्टॉक नाही म्हणतात.

त्या माणसासमोर शोभा नको म्हणून मालक खालच्या आवाजात म्हणाला, "दे रे तिले एक. मांगच्या दारानं दे."

डबा बाहेर निघाला. आमचा तलाव त्या डब्यात होता. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

"मी इकत घ्याले आली. मांगाले नाई आली. देत असशीन त समोरून दे. बिल फाड."

मालकानं डबा परत आत ठेवला आणि कपाट लावून घेतलं. मी बाहेर पडले.

गावाकडच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. राग होता आणि भीतीही, खोटं कशाला बोलू? गावात उतरले ती तडक पाळीवर गेले. गटातली सगळ्यात म्हातारी जनाबाई तिथं जाळं शिवत बसली होती, बाकीच्या बाया भोवती होत्या. मी सगळं सांगितलं. जनाबाई चिडली.

"घेऊन याचा होता वं. अपमान गिळला असता त का मरत होतीस? तलाव गेला त वापस येत नाई."

तिचं चूक नव्हतं. मी भांडले नाही. एवढंच विचारलं, तुझ्या तरुणपणी पैसे हातात कोण कोण द्यायचं? तिनं जाळ्याला आणखी दोन टाके घातले. शेवटी सुई जाळ्यात खोचून ती म्हणाली, "उद्या मी बी येते."

मग सगळ्याच म्हणाल्या.

तर असं ठरलं आहे. महिना अजून संपलेला नाही. उद्या जाळं ओढलं की घरी जायचं नाही. ओल्या लुगड्यांनी, डोक्यावर टोपल्या घेऊन, तशाच नागभीडला. समोरच्या दारानं आत. जनाबाई खुर्चीवर बसेल, बाकीच्या फरशीवर. एक मोबाईल, पूर्ण पैसे, गटाच्या नावाचं बिल. मालक स्टॉक नाही म्हणाला तर कपाट उघडेपर्यंत बसू. पोलीस बोलावले तर पोलिसांसमोर बसू. वास येतो म्हणाला तर येऊ दे, आमचाच आहे. आणि तो मोबाईल त्यानं काउंटरवर ठेवायचा नाही. माझ्या हातात द्यायचा. तोवर आमच्यातली एकही उठणार नाही.