म्हसोबाचं कडवं

मला संगणकावर काम येतं हे आमच्या नातेवाइकांत कोणाला माहीत नव्हतं. कळू नये असंच मला वाटायचं. चौथीपर्यंत शिकलेली बाई संगणकापुढे बसते म्हटल्यावर लोक काय बोलतील, या विचारानेच मला घाम फुटायचा.

आमचे हे कंपनीत कामाला होते आणि लग्नसराईत बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. गाण्यांचे ट्रॅक तयार करायला त्यांनी एक जुना संगणक घेतला होता. ते ड्यूटीवर गेले की मी त्याच्यापुढे बसायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यात आवाज डोळ्यांना दिसायचा आणि दिसलेलं मला कळायचं. गाणं म्हणजे हिरवी दाट झुडपं. गप्प बसणं म्हणजे सरळ रेघ. भांडं पडलं की उंच काटा. माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलशेतीचं. शेवंतीतलं तण काढावं तसं मी आवाजातलं नको ते वेचून काढायचे. चुकलं तर कंट्रोल धरून झेड दाबायचं, की कापलेलं परत जागेवर येई. झेड हे अक्षर मी त्या बटणावरच शिकले.

यांच्या आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नामपूरहून येऊन आमच्याकडे राहिल्या होत्या. हळद दळताना देवांना आवतन देतात, ते गाणं आमच्या घराण्यात आता फक्त त्यांनाच पुरतं येत होतं. एका दुपारी यांनी त्यांच्या तोंडाशी माईक धरला.

"काय रे, मी काय त्याले खाई टाकसू का?" आत्या म्हणाल्या, पण मग गायल्या. पंधरा मिनिटं गायल्या. पुढे तीन महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

त्यानंतर मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं. जाऊबाई म्हणाल्या, "हळदीला आत्यांचं गाणं लावू. भावजींना सांग जरा चांगलं करून द्यायला." मी मान डोलावली. यांना वेळ नव्हता, लग्नाचा सीझन होता. हळदीच्या दिवशी पहाटे पाचला उठून मीच बसले.

कुकरच्या शिट्ट्या काढल्या. मधले मोकळे थांबे काढले. आत्या खाकरल्या होत्या ते काढलं. एका ठिकाणी त्यांना मोठा ठसका लागला होता. त्या ठसक्याभोवतीचा तुकडा आधीच्या कडव्यासारखाच दिसत होता. मला वाटलं, ठसका लागला म्हणून त्यांनी तेच पुन्हा म्हटलं असणार. तो अख्खा तुकडा मी सगळ्यात आधीच काढून टाकला होता. त्यांची अहिराणी मला अर्धीच कळायची आणि तसंही माझं लक्ष शब्दांकडे नव्हतं.

काम झालं ते मी ठेवून दिलं. नवं नाव द्यायचं तर इंग्रजीत टाइप करावं लागायचं, म्हणून मी नेहमी जुन्याच नावावर ठेवायचे. मूळचं गाणं त्याखाली पुसलं गेलं. सीडी काढली. आठला हे रात्रपाळी करून आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला का?" मग चहा घेऊन झोपले. ते उठले की ऐकवावं म्हणून मी संगणक तसाच चालू ठेवला आणि सीडी घेऊन गंगापूर रोडला जाऊबाईंकडे गेले.

हळद चारला होती. आत्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. जाऊबाईंनी आधी ऐकून बघायला सीडी लावली. आपलाच आवाज ऐकून आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येक देवाचं कडवं संपलं की त्या डाव्या हाताचं एक बोट मिटत होत्या. सप्तशृंगी, खंडोबा, कानबाई, मरीआई. गाणं संपलं आणि अंगठा तसाच उभा राहिला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंगठा हलवला. मग मानेने वरच्या दिशेला, लांब कुठेतरी खूण केली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "अगं, म्हसोबा राहिला. आपल्या शिवेवरचा. त्याला आवतन गेल्याशिवाय हळद लागत नाही, असं आहे आपल्याकडे. भावजींनी कापला की काय?"

"तुम्हाला येतं ते कडवं?"

"मला येत असतं तर सीडी कशाला लावली असती? ते फक्त यांनाच यायचं." जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीचं लग्न आहे गं माझ्या."

आत्या तोंडाने काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होत्या. नुसता घशातला आवाज येत होता. ते कडवं आता त्यांच्या डोक्यात होतं, जिथून ते बाहेर येणार नव्हतं, आणि माझ्या संगणकात होतं. पण संगणकात तरी कुठे? मी केलेली कापाकापी जोवर उघडी होती तोवरच झेडने मागे जाता येणार होतं. एकदा संगणक बंद झाला की संपलं.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. आमच्या भागात अकराला लाईट जायची, ती दोनपर्यंत. आणि अकराच्या आत उठून संगणक बंद करायचा हा यांचा रोजचा नियम.

हॉलमध्ये पाहुणे बसले होते. फोनवर बोलायची मला लाज वाटते, तरी त्या सगळ्यांसमोर मी घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. झोप मोडू नये म्हणून यांनी रिसीव्हर काढून ठेवला असणार. मी चपला घातल्या न घातल्या आणि रस्त्यावर आले.

"दवाखाना का ताई?" माझा अवतार बघून रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही, पंचवटी. लाईट जायच्या आत घरी पोचायचंय."

"मग पिठाची गिरणी असेल तुमची," तो म्हणाला आणि रिक्षा पळवली. पुलावर ट्रॅक्टर आडवा होता. तिथे सात मिनिटं गेली. मी रिक्षातल्या दांडीला धरून बसले होते, जणू मी ओढल्याने ती पुढे जाणार होती.

घरात शिरले तेव्हा अकराला आठ कमी होते. हे उठून संगणकापुढे बसले होते. पडद्यावर बंद करू का विचारणारी चौकट आली होती आणि त्यांचा हात माऊसवर होता.

"हात लावू नका!"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मी त्यांच्यावर कधी अशी ओरडले नव्हते. तव्याला हात लागावा तसा त्यांनी हात उचलला.

"सेव्ह केलंय ना तू?"

"म्हणूनच. सरका."

मी कंट्रोल धरलं आणि झेड दाबायला लागले. तो तुकडा मी पहाटे अगदी सुरुवातीला कापला होता, म्हणजे बाकी सगळं मागे गेल्याशिवाय तो येणार नव्हता. संगणक जुना. प्रत्येक वेळी निळी पट्टी सरकायची आणि मग एक तुकडा परत यायचा. एक थांबा आला. एक शिट्टी आली. एक खाकरणं आलं. तीन तासांची माझी मेहनत उलटी चालली होती.

"झालं काय?" हे विचारत होते. मी सांगत होते आणि दाबत होते. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "म्हसोबा काढलास? म्हसोबा?"

"मला काय माहीत तो म्हसोबा होता!"

लाईट गेली. पंखा थांबत गेला. खाली यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती, कशीबशी पाच मिनिटं टिकायची. त्यातच गाणं ठेवूनही द्यायचं होतं, त्यालाच दीड-दोन मिनिटं लागत.

"आता थांब, ठेव," हे म्हणाले.

"अजून आलं नाही."

"तुला कसं कळतं? ऐकून तरी बघ."

ऐकायला वेळ नव्हता. मी आकार शोधत होते. ठसक्याचे तीन काटे, जवळजवळ. झेड. पट्टी. शिट्टी. झेड. पट्टी. थांबा. यूपीएसचं टीं टीं जोरात व्हायला लागलं. झेड. पट्टी अर्ध्यावर रेंगाळली, पुढे गेली, आणि गाणं एकदम लांब झालं. दाट हिरवं झुडूप आणि त्यात तीन काटे.

मी ठेवायचं बटण दाबलं. पट्टी सरकत होती. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. शेवटी एवढंसं उरलं असताना यूपीएसचा आवाज एकसारखा झाला. पट्टी टोकाला टेकली की नाही ते मला दिसलं नाही. पडदा काळा झाला होता.

"पोचली का हो?"

"मला वाटतं पोचली." मग ते म्हणाले, "तुला काय वाटतं?"

तीन तास मी भाजी निवडली, तांदूळ निवडले, निवडलेलेच पुन्हा निवडले. यांनी दोनदा चहा केला. जाऊबाईंचा फोन आला तो यांनी घेतला. "होतंय वहिनी," एवढंच म्हणाले. माझं नाव सांगितलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. संगणक बराच वेळ आपलं काही तपासत बसला. मग गाणं उघडलं. सुरुवातीलाच कुकरची शिट्टी वाजली आणि मला रडू फुटलं. शिट्टी आहे म्हणजे सगळं आहे. मधे ठसका आला आणि ठसक्याच्या दोन्ही बाजूंनी आत्यांचा आवाज, "शिवेवरना म्हसोबाले आवतन धाडा."

"अर्धा तास आहे," हे म्हणाले. "शिट्ट्या तेवढ्या पटकन काढू?"

"काही काढू नका."

चारला मांडवात जातं मांडलं. मी बायकांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. नव्या सीडीवरचं गाणं सुरू झालं. शिट्टी वाजल्यावर पोरी खिदळल्या. मला मान वर करवेना. पहिली ओळ झाली आणि आत्या श्वास घ्यायला थांबल्या, तो लांब थांबा मी पहाटे काढून टाकला होता. त्या थांब्यात जातं ओढणाऱ्या बायकांनी तीच ओळ मागून म्हटली. कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या ओळीनंतर पुन्हा थांबा, पुन्हा त्या म्हणाल्या. आत्यांनी त्या जागा त्यांच्यासाठीच सोडल्या होत्या.

म्हसोबाचं कडवं आलं. ठसका आला. ओळ संपली आणि थांब्यात कोणीच काही म्हटलं नाही, कारण ती ओळ कोणाला येत नव्हती. नुसतं जातं फिरत होतं. आत्या खुर्चीवरून बायकांकडे बघत होत्या, एकेकीकडे.

गाणं परत आल्यापासून ती ओळ मी इतक्या वेळा लावून ऐकली होती की ती मला पाठ झाली होती. मी भिंतीपासून थोडी पुढे सरकले आणि जाऊबाईंच्या कानात सांगितली. त्यांनी ती मोठ्याने म्हटली.