सांध्याखालचे कोंब

माझ्या धाकट्या भावाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. मोठ्या सार्वजनिक बागेत तो गुलाबांचा माळी होता. कुणीही यावं, "आमच्याकडे एक कलम बांधून द्या ना" म्हणावं, की हा लागला मान डोलवायला. सुट्टीच्या दिवशीही लोकांच्या अंगणात उकिडवा बसलेला. मी त्याची सालटी काढायचे, पण ऐकेल तर शपथ!

गेल्या उन्हाळ्यात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि मागे एकच शब्द उरला: "नाही". देवाने थट्टा करावी म्हणजे किती करावी! चहा हवा का? "नाही." आणि कप तोंडाला लावला की गटागटा पिणार. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा शब्द अडकून बसतो, त्यातून अर्थ काढायचा नाही. झालं! तेव्हापासून घरात त्याच्या नाहीला कुणी विचारेना.

मागच्या दारी त्याचा स्वतःचा एक गुलाब होता. बागेतल्या एका झाडाच्या एकाच फांदीला कधीतरी वेगळा रंग आला, पिकल्या जर्दाळूसारखा. त्या फांदीचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला इवलासा अंकुर, काढून त्याने घरी रानटी गुलाबाच्या खुंटावर बांधला. बागेतलं ते झाड पुढे रस्ता रुंद करताना गेलं, म्हणजे असा गुलाब आता जगात हा एवढाच. उन्हाळ्यात तो कसाबसा फुलायचा. खरा खुलायचा पानगळीत. समोरच्या रस्त्यावर पिवळ्या पानांचा नुसता खच पडलेला, संध्याकाळी हवेत गारवा, आणि मागच्या दारी हे एक झाड असं लगडलेलं की आम्ही तिघं खुर्च्या टाकून अंधार पडेपर्यंत बसायचो. भाऊ म्हणायचा, "ताई, थंडीतलं फूल घाई करत नाही बघ." भावजय ओंजळभर पाकळ्या घेऊन आत जायची. खरंच, काय सुख होतं ते!

कलमाचं झाड म्हणजे खाली रानटी खुंट आणि वर बांधलेला चांगला गुलाब. दोन्ही जुळतात त्या सांध्याच्या खालून कोंब आले की लगेच उपटायचे, नाहीतर सगळा रस तेच ओढतात आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. हे भावाने मला सतरा वेळा ऐकवलंय. बायकोला मात्र कधी सांगितलं नाही, कारण झाडाचं सगळं तो स्वतःच करायचा. तिच्या हातात फुलंच यायची.

पावसाळाभर मी लेकीकडे होते, तिच्या बाळंतपणाला. परत आले ती थेट भावाकडे. भावजय हाताला धरून मला मागच्या दारी घेऊन गेली. "बघा वन्सं! मेलं होतं नुसतं, मी वाचवलं."

बघते तर काय, सांध्याखालून चार लांबलचक कोंब फोफावलेले, माझ्या डोक्याच्या वर गेलेले. हिने त्यांना काठ्यांचा आधार दिलेला, जुन्या साडीच्या पट्ट्यांनी हळुवार बांधलेलं, बुडाशी खत घातलेलं. आणि त्या जंगलात मूळच्या गुलाबाची एकच वाळकुडी फांदी उभी होती.

"झाड फुललं ना, की हे बोलायला लागतील. मी मनाशी धरलंय तसं," ती म्हणाली.

दारात चाकाच्या खुर्चीवर भाऊ बसला होता. "नाही, नाही, नाही," म्हणत डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी चालवत होता. डोळ्यांतून धारा.

"झाड दिसलं की असंच भरून येतं यांना," भावजयीने पदराने त्याचे डोळे पुसले.

माझी जीभ तिखट आहे, हे सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. मी सरळ सांगितलं, "अगं, हे रानटी आहेत, कापून टाक. तो तेच सांगतोय."

तिचा चेहरा उतरला, मग तापला. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. वरण पातळ, पोळ्या जाड, आणि आता झाडही चुकीचं. तुम्हाला माझं काही चांगलं दिसलंय का कधी?"

दुसऱ्या दिवशी मी माझी शिवणाची कात्री पिशवीत घालून गेले. ती झाडापुढे उभी राहिली. "आधी मला कापा, मग त्याला." काय करणार? रात्रंदिवस त्याचं हगणंमुतणं काढणारी ती. मी कोण, घडीभर येऊन जाणारी. कात्री पिशवीतच राहिली.

पानगळ ऐन भरात आली तेव्हा त्या वाळकुड्या फांदीला एक फूल आलं. एकच, लहानसं, पण रंग तोच. भावजय आनंदाने वेडी झाली. त्याला जवळून बघता यावं म्हणून तिने फांदी सांध्यापासून कापली आणि त्याच्या हातात दिली. "बोला हो आता. काहीतरी बोला."

"नाही," तो म्हणाला.

ती तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. भावाने फांदी माझ्याकडे केली. अंगठा एका पानाच्या बगलेत ठेवला होता. तिथे डोळा होता, तांदळाच्या कणीएवढा, जिवंत. मला कळलं, हा डोळा खुंटावर पुन्हा बांधायचा. त्याचा कलमाचा चाकू काढला, त्याची खुर्ची झाडाशी नेली आणि जमिनीलगत खुंटाला चीर दिली. साल सुटायला हवी होती, मग तिच्या आत डोळा सरकवायचा. सुटली नाही. थंडीने रस खाली गेला होता. मी जोर केला तशी साल चिंध्या होऊन हातात आली आणि डोळाही चिरडला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. आयुष्यभर लोकांचे ब्लाउज बेतले, आणि भावाचं एवढं काम माझ्या हातून होईना. रडूच आलं मला.

मागे भावजय येऊन उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक. तिने सोललेला खुंट पाहिला, माझ्या हातातली फांदी पाहिली, मग ते चार हिरवे कोंब आणि आपण बांधलेल्या साडीच्या पट्ट्या. सगळं तिच्या ध्यानात आलं. ती त्याच्या खुर्चीशी खाली बसली.

"माझ्यामुळे गेलं का हो हे?"

भावाने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "नाही," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांतलं त्याचं हे एकच नाही तिने खरं मानलं. मी चाकू पुसला, मिटला आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.