भोंग्यातला महिपत

महिपतला चेहऱ्याने ओळखणारी माणसं महाडात बोटांवर मोजण्याइतकी. आवाजाने मात्र सारं गाव ओळखतं. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून तो गेली तेवीस वर्षं गावाला बातम्या सांगत आलाय. कुणाचं दुकान उघडलं, डोळे तपासायचं शिबिर कुठे आहे, उद्या पाणी येणार की नाही, सगळं महिपतनेच सांगायचं. जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. लहानपणी या माळावरून त्या माळावरची गुरं हाकारली, त्यामुळे घसा तयारच होता. रिक्षा पुढे गेली की लोक म्हणत, "महिपत ओरडून गेला." पण त्याला थांबवून "चहा घे" म्हणावं, असं तेवीस वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही. भोंग्याला चहा कोण विचारतं?

बायको होती तोवर त्याला याचं काही वाटलंही नाही. बायजा चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. मुलगी गौतमी बिरवाडीला दिलेली. ती रविवारी डबा घेऊन येते आणि परतीची गाडी चुकेल म्हणून तासाभरात निघते. बाकीचे सहा दिवस महिपत गावभर बोलतो आणि संध्याकाळी घराचं कुलूप काढलं की त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. माणूस एकटा पडतो म्हणजे काय, ते गावाला त्याच्याकडून कळलं असतं. पण त्याची जाहिरात करायला कुणी पैसे दिले नव्हते.

अशात पालिकेने घरपट्टी वाढवली. दोन खोल्यांच्या घरालाही जवळजवळ दुप्पट आकारणी. आणि वाढ कशासाठी, तर चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं बसवायचंय! ज्या गावात नदी पावसाळ्यात न बोलावता घरात येते, तिथे पाणी उडवून दाखवायची हौस कुणाच्या डोक्यात आली, देव जाणे. एरवी गटारावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं या एका गोष्टीवर एक झाली. निवृत्त मुख्याध्यापिका उज्वलाबाईंनी आपल्या ओटीवर टेबल टाकलं आणि हरकतीचे अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. सुनावणी होईस्तोवर वाढीव पट्टी कुणी भरायची नाही, असं ठरलं. हे गावभर सांगायला महिपतला बोलावणं गेलं.

"या महिपतराव, बसा," उज्वलाबाई म्हणाल्या.

त्याला आजवर कुणी राव म्हटलं नव्हतं. बसायला खुर्ची मिळाली, कपबशीतून चहा आला. चार माणसांनी विचारलं, तुमची पट्टी किती वाढली हो? महिपत इतका हरखला की पैशांचा विषय निघताच त्याने कानाला हात लावले.

"गावाचं काम हाय, बाई. माजं बी घर हायेच की."

त्याच आठवड्यात पालिकेतून वसुलीच्या पुकाऱ्यासाठी निरोप आला. दर वर्षीचं खात्रीचं गिऱ्हाईक. महिपतने "यंदा नाय जमायचं" म्हणून सांगितलं आणि रोज संध्याकाळी ओटीवर जाऊन बसू लागला. अर्ज त्याला भरता येत नसत. तो टाचण्या लावून देई, म्हाताऱ्यांना हात धरून पायरी चढवी. उशीर झाला तर कुणी तरी विचारी, "अजून महिपतराव कसे नाही आले?" एवढ्यासाठी तो मुद्दाम कधीकधी उशिरा जाई.

एके सकाळी तो नळावर बादली भरत होता. गल्लीत पालिकेची गाडी आली आणि भोंग्यातून त्याचाच आवाज गरजला, "थकबाकीदारांची नळजोडणी तोडण्यात येईल, याची सर्व नागरिकांनी नोंद घ्यावी!" महिपतला आधी हसू आलं. आपलाच नळ तोडायची धमकी आपल्यालाच! मग आठवलं. लॉकडाऊनच्या वर्षी रिक्षा फिरवायला बंदी होती, तेव्हा त्याने घरात बसून हा पुकारा फोनवर भरून पाठवला होता. पालिकेने तोच जुना बाहेर काढला होता.

गाडी दारासमोर आली. पुकारा संपला, आणि भोंगा बंद व्हायच्या आत, खरखरीच्या मागून कुणीतरी म्हणालं, "आवो, चा निवतोय."

बादली भरून वाहू लागली तरी महिपतने नळ बंद केला नाही. तो फोन पुरात गेला होता, फोटो गेले होते. बायजाचं जगात काही उरलं नाही असं तो धरून चालला होता, आणि ती भर गल्लीत बोलली होती.

दुसऱ्या दिवशी तो गाडीची वाट बघत दारात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी तिच्या मागून तीन गल्ल्या चालला. पाचव्या दिवशी त्याने ड्रायव्हर पांडूला हात केला.

"मला बसव रे जरा. नाक्यापरेंत."

नाका आला तरी तो उतरला नाही. पांडूच्या शेजारी, भोंग्याखाली कान लावून, तो सगळं गाव फिरला. आणि सगळ्या गावाने त्याला बघितलं.

संध्याकाळी ओटीवर पाय ठेवला तर बोलणं थांबलं. खुर्ची कुणी सरकवली नाही. मेडिकलवाला नीलेश तावातावाने म्हणाला, "गाडीवर आवाज ऐकला तेव्हाच शंका आली होती. इकडे आपला पुकारा, तिकडे त्यांचा. काका दोन्हीकडून खातायत!"

"महिपतराव, तुम्ही त्या गाडीत बसला होतात?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"व्हतो."

"का?"

रोज हजार माणसांना ओरडून सांगणाऱ्याला पंधरा माणसांपुढे शब्द सुचेना. ही ओटी गेली तर पुन्हा ते कुलूप आणि त्या दोन खोल्या, एवढंच त्याला दिसत होतं.

"बाई, तो पुकारा जुना हाय. लॉकडाऊनमंदला. घरात भरलेला. त्याच्यात माजी बायजा हाय. शेवटाला बोलते ती. ती ऐकाया बसलो व्हतो."

नीलेशने तो पुकारा पुरावा म्हणून मोबाइलवर भरून घेतला होता. त्याने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. सगळे वाकले. नळजोडणी तोडण्यात येईल, नोंद घ्यावी, मग खरखर, मागे एका स्कूटरचा हॉर्न. महिपतचे डोळे भरून आले.

नीलेशने मान खाली घातली. "आलं ऐकू, काका. चुकलं माझं."

"हो, हो, स्पष्ट आलं," बाकीचेही म्हणाले. एकाने उठून आपली खुर्ची दिली. उज्वलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

महिपतला वाटलं, आपल्याइतकं सुखी कोणी नाही. नाव राहिलं, ओटी राहिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा बायजाला त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणी ऐकलं होतं. तो पोरासारखा पुढे सरकला.

"काय म्हनली, सांगा बघू?"

नीलेशने उज्वलाबाईंकडे पाहिलं. उज्वलाबाईंनी समोरचे अर्ज सारखे केले. कुणी चष्मा पुसू लागलं, कुणी रस्त्याकडे बघू लागलं. महिपत एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचायच्या आधीच थांबला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हळूच बोलायची ती."