तानसाच्या बंद स्टेशनात मी रूळ वाजवला

टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दगड हाणला आणि त्या क्षणी माझं सगळंच बदललं. घरी सांगून निघालो होतो, बंद पडलेलं स्टेशन बघायला जातो. ब्लॉगसाठी.

खरं कारण वैशाली, माझ्या वर्गातली. सरांशी भांडून मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हापासून ती बोलत नव्हती. तानसाजवळच्या तिच्या गावात खाजगी रेल्वेचं स्टेशन होतं, हे तिनेच कधीतरी सांगितलेलं.

जायचं असेल तर मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूरची सकाळची एसटी धरा. डावीकडची खिडकी घ्या, माहुलीचे सुळके दिसतात. शहापूरलाच मिसळ हाणा, पुढे चहासुद्धा नशिबाने. मग जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

स्टेशन म्हणजे एक दगडी खोली आणि गवतात बुडालेला फलाट. धरणाच्या कामाचं सामान न्यायला कुण्या कंपनीने छोटी गाडी चालवली होती, गावकरीही बसायचे. काम संपलं, रूळ उचलून नेले. घंटा म्हणून टांगलेला तुकडा तेवढा राहिला. मी तो वाजवला, मजा वाटली म्हणून आणखी वाजवला.

खळ्यावरून बायका धावत आल्या, मागोमाग अर्धं गाव. एका आजोबांनी मला खालीवर न्याहाळलं.

"कोनाची पोर मागाया आलास?"

"मी?"

"गाडी होती तवा नवऱ्याकडची मानसं इथंच उतरायची. रूळ वाजवून गावाला सांगायची, आमी आलो. गाडी गेली, रीत नाय गेली. तुजी मानसं कुठं हायत?"

"एकलाच आलाय गो," एक काकू पदरात हसली.

चुकून वाजला, म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण गर्दीत सूप घेऊन वैशाली उभी होती, केसांत भाताचा कोंडा. माझं डोकं फिरलं.

"वैशालीला मागायला आलोय."

तिचे वडील सूप घ्यायला पुढे झाले. मला वाटलं, आता तेच डोक्यात बसणार. पण बोलली ती.

"आधी कॉलेजात परत जा. मग आईबापाला घेऊन ये नि वाजव. एकट्याने वाजवलेला आमी धरत नाय."

"पोरगी नाय म्हनली नाय रे," आजोबा म्हणाले, आणि सगळा फलाट हसला.

येताना जीपच्या टपावर बसलो. धूळ खाल्ली, गाणी म्हटली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या.

सकाळी बाबांनी विचारलं, "पुन्हा स्टेशन?"

"कॉलेज. सरांची माफी मागायला. नंतर तुम्हाला तानसाला न्यायचंय, आईलाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईला हाक मारली. आमच्या घरात दार आपटून जाणारा मी एकटाच. आज बाहेर पडलो आणि ते हळूच लावून घेतलं.