बिनआवाजी मामा

बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही हौशी मंडळींनी नाट्यगृह थाटलं. माग भंगारात गेले, पण तिथले एक जुने विणकर राखणदार म्हणून राहिले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सारा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलत. दोन महिने प्रत्येक तालीम त्यांनी दारात उभं राहून पाहिली, आणि "चहा आलाय" हेही ओठांनीच सांगितलं; बघून बघून मला ते ओठ वाचता येऊ लागले. "मामा, आवाज पोटातून काढावा," असं व्याख्यान मी त्यांना दिलं होतं.

पहिल्या प्रयोगात, नायक म्हणून छाती काढून उभा असताना, माझं लांबलचक स्वगत डोक्यातून साफ पुसलं गेलं. विंगेतला प्रॉम्प्टर भलतंच पान वाचत होता. तेवढ्यात दारातल्या दिव्याखाली मामांचे ओठ हलू लागले, एकेक अक्षर सुटं करत. मी वाचत गेलो. टाळ्या पडल्या.

नंतर लोकांच्या गराड्यात मी पाठांतराच्या युक्त्या सांगत होतो. मामा दारातूनच, नेहमीसारखे ओठांनी म्हणाले, "एक वाक्य गाळलं की तुमी."

शेडभर माणसं होती. ऐकू आलं ते फक्त मला.