दोनदा दाबलेला तळहात

वसुधामावशींना शेवटची भेटले तेव्हा त्या हॉस्पिटलात नाकात नळी घेऊन पडल्या होत्या. बोलणं बंद झालेलं. मी घाबरले आहे हे त्यांना बरोबर कळलं, आणि त्यांनी माझा तळहात अंगठ्यानं दोनदा दाबला. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या... दीड महिना झाला, पण त्या दोन दाबांसाठी मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे. त्या दाबांचा अर्थ मला ठाऊक होता, आणि तो धादांत खोटा होता.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी घरांच्या त्या मावशी. फार्मसीतून रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथल्या एका शाळेत लागल्या. काम सांगायला साधं: नुकत्याच भारतातून आलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांशेजारी चिमुकल्या खुर्चीत बसायचं आणि टीचर काय म्हणतेय ते त्यांच्या भाषेत कानात सांगायचं. मराठी, हिंदी, गुजराती येतच होती; तेलुगू एका आईकडून शिकून घेतली, आणि ती इतकी वाईट बोलायच्या की पोरं त्यांना सुधारता सुधारता बोलकी व्हायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला या कामात ओढलं. माझ्याकडे डिग्र्या दोन, धीर मात्र कवडीचा नाही.

पहिल्याच वर्षी नागपूरहून आलेली सहा वर्षांची ओवी माझ्या वाट्याला आली. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचा इथे अधूनमधून सराव होतो. दार लावायचं, दिवे घालवायचे, कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. हे एवढ्याशा मुलीला मराठीत कसं सांगायचं? मी सांगितलं, लपाछपी आहे. सगळा वर्ग श्वास रोखून बसलेला, बाहेरून प्रिन्सिपॉल दाराची मूठ हलवून बघतायत, आणि ओवीनं धावत जाऊन दारावर थाप मारली... "धप्पा!" मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खेळ आहे असं कधी सांगू नकोस. खेळ म्हटला की पोर बाहेर येणारच. खरं सांग, थोडंच सांग." मग त्यांनी मला त्यांची पद्धत शिकवली. त्या अंधारात बोलायला बंदी, म्हणजे आपल्या चारही भाषा बिनकामाच्या. म्हणून मुलाचा हात हातात घ्यायचा. एकदा दाबलं तर मी इथेच आहे. दोनदा दाबलं तर हा नुसता सराव आहे, आत्ता दार उघडेल. ओवीला हे एका दुपारीत पाठ झालं.

त्या हिवाळ्यात एकदा स्पीकरवर स्पष्ट सांगितलं की हा सराव नाही. शाळेमागे पोलीस कुणाला तरी शोधत होते, हे आम्हाला नंतर कळलं. कोपऱ्यात ओवी माझ्या आणि मावशींच्या मधे. मावशींचा अंगठा मला दिसला, ओवीच्या तळहातावर, दोनदा. सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना जाब विचारला, मला खरं सांग म्हणता आणि स्वतः?

"अगं, मीपण टेरिफाइड होते," त्या म्हणाल्या. "पण तिने श्वास सोडला ना? बस झालं."

एवढं बोलताना त्यांच्या हातातून गाडीची किल्ली दोनदा खाली पडली.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. गेल्या आठवड्यात स्पीकर पुन्हा म्हणाला, हा सराव नाही. दिवे गेले. ओवी आता माझ्याशीही इंग्रजीतच बोलते, तिला माझी गरज फारशी उरलेली नाही, तरी ती येऊन मला चिकटून बसली. बाहेर पावलं वाजली. मी तिचा हात धरला, पण माझा अंगठा हलेना; खोटं सांगायची माझी छातीच होईना. तेवढ्यात माझ्या तळहातावर एक इवलासा अंगठा टेकला. एकदा... आणि थोडं थांबून, पुन्हा एकदा. मी श्वास सोडला. हॉस्पिटलातही मी असाच सोडला होता, हे मला तेव्हा आठवलं.

अर्ध्या तासानं दार उघडलं. काही झालेलं नव्हतं. ओवी डबा उचलून "यू कमिंग?" म्हणत लंचच्या रांगेत गेली. तिला खरं काय ते ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.