लॉन्ड्रीतली स्टुलं आणि साहेबांच्या आजीचं गाणं

"स्टूल हवंच कशाला?" जीएम साहेब म्हणाले. "बसलं की माणूस स्लो होतो."

लॉन्ड्रीतली सगळी स्टुलं स्टोअरमध्ये गेली. आखातातल्या अदलिया भागात एका हॉटेलात मी लॉन्ड्री सुपरवायझर आहे. आमच्याकडे कॅलेंडर असतं, म्हणजे ओल्या चादरी इस्त्री करून बाहेर काढणारं मोठं रोलरचं मशीन. त्यात चादर घालताना उभंच राहावं लागतं. पण नॅपकिन, अभ्रे यांच्या घड्या बसून होतात. मी विनंती केली. उत्तर आलं, "नो." घड्या घालणाऱ्या राजापूरच्या हमीदाआपांचे पाय शिफ्ट संपेपर्यंत चपलेत मावेनासे होत. मला राग यायचा, पण आमचा व्हिसा साहेबांच्या हातात.

साहेब स्कॉटलंडचे. त्यांच्या लोकांचं वार्षिक डिनर आमच्याकडेच होतं. आमच्या हॉटेलात कुठलाही सण असो, स्टाफ गातो. या वेळी साहेबांना त्यांच्या आजीचं गाणं हवं होतं, तेही स्कॉट्स भाषेत. ती इंग्रजांनाही धड कळत नाही. कॅलेंडर चालवणारा वसईचा फेलिक्स चर्चमध्ये गायचा, म्हणून लीडर तोच.

"सर, मीनिंग सांगा," तो म्हणाला. "त्याशिवाय भाव येत नाही."

साहेब खुलले. "आजी तागाच्या गिरणीत होती. मालकाने बायकांचे बाक काढून घेतले. तेव्हा त्यांनी हे गाणं रचलं. आधी मशीनवर गायल्या, मग गल्लीत. पुढे सगळं गाव गायला लागलं. शेवटी मालकाने बाक परत दिले."

साहेबांचे डोळे पाणावले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. साहेबांच्या काही लक्षात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सराव कामावरच चालायचा. मशीनचा आवाज मोठा, म्हणून गाणंही मोठ्याने. राउंडवर आलेले साहेब पायाने ताल धरायचे. "मोअर अँगर. आजी चिडून गायची."

"अँगर आहे, सर," फेलिक्स म्हणाला.

आपा घाबरल्या. "भाई, साहेबाला कळला तर?"

"इंशाल्ला कळेल," मी म्हणालो.

डिनरला गाणं असं रंगलं की लोक उभे राहिले. साहेबांच्या टेबलावरच्या एका वयस्कर स्कॉटिश बाईंनी येऊन आपांचा हात धरला. "इतक्या तळमळीने कशा गाता तुम्ही?"

मी आपांना विचारलं.

"सांग भाई, रोज उभ्यानं गातो. लॉन्ड्रीत बसायला काय नाय."

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी सावकाश साहेबांकडे मान वळवली. "तुझी आजी काय म्हणाली असती रे?"

साहेबांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी स्टुलं परत आली, वर नवीन गाद्या. व्हिसा कोणाचाच गेला नाही. आपा बसल्या आणि आधी चपला काढून पाय पसरले.

परवा चहाचा ब्रेक कमी करायची नोटीस लागली. साहेब राउंडवर आले तेव्हा फेलिक्सने फक्त पहिली ओळ गुणगुणली. संध्याकाळपर्यंत नोटीस खलास.

साहेबांनी स्टाफला खुशाल गाणी शिकवावीत. फक्त गाण्यात आपण आजी आहोत की मालक, तेवढं आधी बघून घ्यावं.